फटाक्यांचा स्टॉल, साठा आणि वापर: नियम काय सांगतात आणि का

फटाक्याची दारू पेटली की तिला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. गंधक, कोळसा, अॅल्युमिनियमची पूड हे तिच्यातले जळण, आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारे पोटॅशियम नायट्रेटसारखे क्षारही त्याच मिश्रणात असतात. म्हणून जळत्या फटाक्यावर गोणपाट टाकले, माती लोटली किंवा पावडरचा सिलिंडर रिकामा केला तरी तो आतून जळतच राहतो. फटाक्यांविषयीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून आले आहेत. विझवता येत नाही, तर मग हातात उरते काय? साठा थोडा ठेवणे, अंतर जास्त ठेवणे आणि ठिणगी मालापर्यंत पोहोचू न देणे.

२०१६ च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि शंभराहून अधिक स्टॉल बघता बघता खाक झाले. त्याच महिन्यात फरिदाबादच्या मैदानावरही असाच बाजार जळाला. एका स्टॉलची आग शेजारच्या स्टॉलपर्यंत जायला किती वेळ लागतो, हे त्यावरून कळते. खाली सांगितलेली मीटरमधली अंतरे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

परवाना कोण देतो

मूळ कायदा १८८४ चा, स्फोटके अधिनियम. रोजचा व्यवहार मात्र स्फोटके नियम, २००८ यावर चालतो. ते राबवणारी केंद्राची यंत्रणा म्हणजे पेसो (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशन), आणि तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. कारखाने आणि मोठी गोदामे पेसोकडे. दिवाळीपुरत्या स्टॉलचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडून. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत परवाना देत नाही, ती जागेसाठी ‘ना हरकत’ देते. इथेच पुष्कळांची गल्लत होते. नगरपालिकेने मैदानावर गाळा दिला, पावतीही फाडली, म्हणजे विक्रीची परवानगी मिळाली असे समजून माल उतरवला जातो. ती पावती जागेच्या भाड्याची असते. परवान्याविना फटाके बाळगणे किंवा विकणे यासाठी स्फोटके अधिनियमाच्या कलम ९-ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद, तीन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि माल जप्त होतो तो वेगळाच.

अर्ज एई-५ नमुन्यात करायचा, परवाना एलई-५ नमुन्यात मिळतो. सोबत ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, जागामालकाचे संमतिपत्र किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा, पोलीस ठाण्याचा आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला, शुल्क भरल्याचे चलन. यातला नकाशा गंभीरपणे काढावा. चारही बाजूंना काय आहे आणि ते किती मीटरवर आहे, हे त्यात प्रत्यक्ष टेपने मोजून लिहायचे असते. अंदाजाने लिहिलेले ‘५० मीटर’ तपासणीत ३८ भरले की अर्ज परत येतो आणि तोवर वसुबारस उजाडलेली असते. जिल्हा प्रशासनाची सूचना वर्तमानपत्रात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येते, तिच्यातली अर्जाची मुदत आधी पाहून ठेवावी. अग्निशमनचा दाखला सर्वांत जास्त वेळ खातो, तेव्हा त्याच्या मागे पहिल्यांदा लागावे.

परवान्यावर वजनाचे दोन आकडे असतात. तात्पुरत्या परवान्यात ते नेहमी १०० किलो आणि ५०० किलो असे दिसतात. पहिला आकडा शोभेच्या आणि आवाजाच्या फटाक्यांचा. दुसऱ्यासमोर ‘चायनीज क्रॅकर्स व स्पार्कलर्स’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ लहान फटाकड्या आणि फुलबाज्या असा आहे, चीनमधून आलेला माल असा नाही. परदेशी फटाक्यांची आयात निर्बंधित आहे आणि तो माल स्टॉलवर सापडला तर परवाना वाचवत नाही. दोन्ही आकडे एका वेळी स्टॉलमध्ये असलेल्या मालाचे आहेत, हंगामभरच्या विक्रीचे नाहीत. माल संपत आला की पुन्हा आणता येतो, म्हणून सगळा एकदम भरून ठेवण्याचा मोह टाळावा.

स्टॉल उभारताना

तात्पुरत्या दुकानांचे निकष स्फोटके नियमांत नेमके दिले आहेत. शेड न पेटणाऱ्या साहित्याची हवी, म्हणजे पत्रे आणि लोखंडी अँगल. मांडवाचे कापड, बांबू, ताडपत्री, थर्माकोल चालत नाही. आतून पत्रा आणि वर शोभेसाठी कापडी झालर, ही जुगलबंदी जागोजागी दिसते आणि तीच सर्वांत आधी पेट घेते. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर, आणि घरे, शाळा, दवाखाने, देवळे, लोक जमतात अशा इमारती यांपासून किमान ५० मीटर. शेड समोरासमोर तोंड करून नकोत. एका समूहात ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत.

समोरासमोर का नको? पेटलेल्या दुकानातून रॉकेट आणि बाण उघड्या बाजूनेच बाहेर पडतात. समोर दुसऱ्या दुकानाचा उघडा दर्शनी भाग असेल तर ते थेट मालात शिरतात, पत्र्याची पाठ असेल तर आदळून खाली पडतात. तीन मीटरचे अंतर ज्वाळेसाठी आहे, पण ते मोकळे असले तरच कामाचे. त्या पट्ट्यात रिकामी खोकी, दुचाकी, रात्री झोपायची खाट आणून ठेवली की अंतर कागदावरच राहते.

विजेची कामे जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावीत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, वायरवर लोंबकळणारा बल्ब नियमाने बाद आहे. स्विच भिंतीवर घट्ट बसवलेला आणि दुकानांच्या प्रत्येक रांगेसाठी एक मुख्य स्विच, जो खाली ओढला की सगळी रांग अंधारात जाईल. तो कुठे आहे हे रांगेतल्या प्रत्येक दुकानदाराला दाखवून ठेवावे. हॅलोजन लावूच नये, त्याची काच इतकी तापते की जवळचे खोके आधी तपकिरी पडते आणि मग पेटते. एलईडी पट्ट्या पुरतात. वायरचे जोड टेपने गुंडाळलेले नकोत, कनेक्टरमध्ये बसवलेले हवेत. कंदील, गॅसबत्ती, उघडी ज्योत शेडमध्ये किंवा सुरक्षित अंतराच्या आत चालत नाही. लक्ष्मीपूजनाची समई आणि उदबत्तीही त्यातच येते. पूजा घरी करावी किंवा मैदानाच्या कडेला.

माल लाकडी फळ्यांवर किंवा रॅकवर, जमिनीपासून वर ठेवावा. आवाजाचे फटाके मागे आणि खाली, फुलबाज्या आणि टिकल्या पुढे. रॉकेटची खोकी बाहेर जायच्या वाटेवर कधीही ठेवू नयेत. खोकी फोडायला लोखंडी पहार वापरू नये, आपटू नयेत, ओढत नेऊ नयेत. फाटलेल्या पाकिटातून सांडलेली पूड केराच्या टोपलीत टाकू नये. ओल्या फडक्याने टिपून ते फडके पाण्याच्या बादलीत बुडवावे. कोरड्या झाडूच्या घर्षणावर विश्वास ठेवायचे कारण नाही.

आग विझवायच्या साधनांची यादी अग्निशमन विभाग देतो. पाण्याने भरलेले पिंप, वाळूच्या बादल्या आणि पावडरचे सिलिंडर तिच्यात असतात. ती कधी वापरायची हे मात्र यादीत नसते. सिलिंडर आणि वाळू हे मालाला आग लागण्याआधीच्या क्षणांसाठी आहेत: वायर धुमसली, कागद पेटला, कापडाने पेट घेतला. एकदा मालाने पेट घेतला की दुकान सोडायचे, मुख्य स्विच खाली करायचा, शेजाऱ्यांना आणि गिऱ्हाइकांना बाहेर काढायचे आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा. त्यानंतर पाण्याचा उपयोग आहे, पण तो दुरून आणि भरपूर, शेजारच्या शेड थंड ठेवण्यासाठी, आणि ते काम बंबाचे. गल्ला वाचवायला आत शिरणारा माणूस हा या आगीतला नेहमीचा बळी असतो. बंब आत येईल अशी वाट शेवटपर्यंत मोकळी ठेवणे हे एकट्या दुकानदाराच्या हातात नसते, म्हणून फटाका बाजाराच्या आयोजकांनी मैदानाच्या तोंडाशी पार्किंग रोखायला माणूस नेमावा.

१८ वर्षांखालील कोणालाही स्टॉलवर कामाला ठेवता येत नाही. दुकानदाराचा शाळकरी मुलगा ‘फक्त मदतीला’ असला तरी नियम तोच. कोणत्याही शेडपासून ५० मीटरच्या आत फटाका उडवून दाखवता येत नाही, गिऱ्हाईक कितीही अडून बसले तरी. परवाना दर्शनी भागात लावावा, खरेदीची बिले आणि साठ्याची वही हाताशी ठेवावी. फटाक्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बिलाविना घेतलेला स्वस्त माल बहुधा बिनलेबलचा असतो.

परवान्याची तारीख संपली की उरलेला माल घरी नेणे हा विनापरवाना साठा ठरतो. घाऊक व्यापाऱ्याशी परतीची बोली माल घेतानाच करून ठेवावी, आणि भाऊबीजेनंतर बिलासह परत पाठवावा.

कायमच्या दुकानाचे नियम आणखी कडक आहेत. पक्के बांधकाम, तळमजला, क्षेत्रफळ ९ ते २५ चौरस मीटर, स्वतंत्र प्रवेश आणि स्वतंत्र आपत्कालीन दार, बाहेर उघडणारी दारे, मुख्य स्विच दुकानाबाहेर. तळघरात, जिन्याखाली, लिफ्टशेजारी किंवा वर कुटुंब राहत असलेल्या गाळ्यात चालत नाही. जुन्या पेठांतल्या किराणा दुकानांच्या माळ्यावर दिवाळीत ठेवला जाणारा माल यातल्या एकाही अटीत बसत नाही.

कोणता फटाका विकता आणि घेता येतो

सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने बाजार बदलला. कमी प्रदूषण करणारे आणि ‘ग्रीन’ फटाकेच विकायचे, बेरियमचे क्षार वापरायचे नाहीत, जोडफटाके म्हणजे लडी बंद, आणि ऑनलाइन विक्री बंद. २९ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात न्यायालयाने बेरियमबंदीची अंमलबजावणी होत नसल्याबद्दल पुन्हा खडसावले. तरीही हजारची माळ मागणारे गिऱ्हाईक आणि ती पोतडीतून काढून देणारा विक्रेता दरवर्षी भेटतात. पकडले गेल्यावर दोघांनाही ‘सगळेच विकतात’ हे उत्तर कामाला येत नाही.

ग्रीन फटाक्यांची सूत्रे नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली. स्वास, स्टार आणि सफल ही त्यांची नावे. धूलिकण किमान ३० टक्के कमी हा त्यांचा निकष आहे, म्हणजे उरलेले ७० टक्क्यांपर्यंत असतातच. खोक्यावर नीरीचा हिरवा लोगो आणि क्यूआर कोड असतो. नुसत्या लोगोवर विसंबू नये, तो छापखान्यात कोणीही छापून घेतो. कोड स्कॅन करून उत्पादकाचे नाव खोक्यावरच्या नावाशी जुळते का ते पाहावे. माल शिवकाशीचा असो की तेरखेड्याचा, खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि वापराच्या सूचना नसतील तर घेऊ नये. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक एकत्र असलेल्या दारूवर १९९२ पासून बंदी आहे. ते मिश्रण नुसत्या घासण्याने किंवा आपटण्याने उडते, आणि बिनलेबलच्या मालात नेमके काय भरले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

आवाजाची मर्यादाही मालालाच लागू आहे. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (एआय) किंवा १४५ डेसिबल (सी) शिखर (एआय आणि सी या आवाज मोजण्याच्या दोन पद्धती) यापेक्षा मोठा आवाज करणारा फटाका बनवणे आणि विकणे दोन्हीला मनाई आहे.

लहान मुलांसाठी ‘निरुपद्रवी’ म्हणून घेतली जाणारी नागगोळी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने केलेल्या मोजणीत सर्वाधिक सूक्ष्म धूलिकण तिच्यातून निघाले, हजाराच्या माळेपेक्षाही जास्त. आणि मूल तिच्यावर वाकून बसते.

घरी आणताना आणि ठेवताना

रेल्वेने फटाके नेणे गुन्हा आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाई. लोकलही रेल्वेच आहे, मशीद बंदरहून पिशवी भरून निघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. एसटीतही नेऊ नयेत. दुचाकीवर नेताना पिशवी सायलेन्सरच्या बाजूला टांगू नये. चारचाकीत आणले तर डिकीत राहू देऊ नयेत, उन्हात उभ्या गाडीत तापमान भलतेच चढते.

घरात चार-पाच दिवसांपुरतेच आणावेत. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण लावून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी. स्वयंपाकघर, देवघर, गॅस सिलिंडरची जागा, इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ आणि गॅलरी या जागा सोडून. गॅलरीत बाहेरून आलेले रॉकेट पडते, म्हणून ती सगळ्यांत वाईट. उडवायला बाहेर जाताना लागतील तेवढे काढून घ्यावेत आणि खोके घरात बंद ठेवावे. अंगणात उघडे ठेवलेले खोके एका ठिणगीने एकदम उडते, आणि दिवाळीतल्या मोठ्या जखमा बऱ्याचदा अशाच होतात.

सादळलेले फटाके तव्यावर, हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवण्याची पद्धत जुनी आहे आणि धोक्याची आहे. ओल आणि अॅल्युमिनियमची पूड यांच्यातल्या अभिक्रियेतून उष्णता आणि हायड्रोजन निघतो. असा माल वाळवण्यापेक्षा बुडवावा: बादलीभर पाण्यात रात्रभर पूर्ण बुडवून ठेवून मग ओलाच कचऱ्यात द्यावा. गेल्या वर्षीच्या उरलेल्यांचेही तेच.

वेळ आणि जागा

दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ २०१८ च्या निकालातली. नाताळ आणि नववर्षाला रात्री ११.५५ ते १२.३०. यात स्थानिक फेरफार होतात. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईसाठी आधी ७ ते १० आणि चारच दिवसांनी ८ ते १० अशी वेळ ठरवली. म्हणून त्या वर्षीचा पोलिसांचा किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पाहावा. नाताळ-नववर्षाची ती सवलत सोडली तर रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वर्षभर बंद आहेत, लग्नाची वरातही त्याला अपवाद नाही. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा पट्टा दिवसाही बंद. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला पहिला फटाका लावणाऱ्यांना हे रुचत नाही, पण नियम तोच आहे. निष्काळजीपणाने फटाका उडवून कोणाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

जागा निवडताना आधी वर पाहावे: तारा, झाडे, गॅलऱ्यांतले कपडे. मग आजूबाजूला: कडब्याची गंजी, गवताचे छप्पर, उभ्या गाड्या, रोहित्र, गॅस एजन्सी. दोन बादल्या पाणी आणि एक बादली वाळू लावण्याआधी आणून ठेवायची, मागाहून आणू म्हणायचे नाही. अंगावर सुती, अंगासरशी कपडे. नायलॉन आणि जॉर्जेट वितळून कातडीला चिकटते. ओढणी आणि पदर कमरेला खोचावा. पायात बंद बूट किंवा चप्पल, अनवाणी नाही, कारण फुलबाजीची गरम तार अंधारात दिसत नाही. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा असेल तर उत्तम.

एकेक प्रकार

फुलबाजीला सगळे घाबरण्याच्या यादीत शेवटी ठेवतात. ती हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. हात लांब करून, तोंडापासून दूर, एका वेळी एकच धरावी. चार एकत्र बांधून पेटवल्या तर त्या भपकन एकदम जळतात. एका फुलबाजीवर दुसरी पेटवताना दोन मुलांची तोंडे जवळ येतात, तेव्हा मोठ्याने जमिनीवरच्या दिव्यावर पेटवून द्यावी. विझलेली तार लगेच पाण्याच्या बादलीत. ती बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते.

भुईनळा सपाट, कठीण जमिनीवर उभा करावा, वाळूत किंवा गवतात कलंडतो. हातात धरून पेटवू नये. मातीच्या भांड्याला बारीक तडा असेल तर तो वर उडण्याऐवजी फुटतो, म्हणून आधी बोटाने फिरवून पाहावे आणि तडा दिसला तर बाजूला काढावा. लावताना चेहरा त्याच्या वर आणू नये, बाजूला बसून, हात लांब करून, लांब उदबत्तीने वात पेटवावी आणि किमान पाच मीटर मागे सरावे. भुईचक्राला गुळगुळीत फरशी लागते. खडबडीत जागी ते उसळून पायांत येते.

बाण आणि रॉकेटसाठी रिकामी काचेची बाटली हा सर्वांत वाईट स्टँड. ती हलकी असते, कलंडते, फुटते. जमिनीत हातभर खोल पुरलेला लोखंडी नळीचा तुकडा वापरावा, त्यात काडी सैल बसली पाहिजे, अडकली तर रॉकेट जागीच फुटते. काडी मोडून लहान करू नये, तिच्यावरच त्याचा तोल असतो. वारा ज्या दिशेला वाहतो तिकडे वस्ती नको. दाट सोसायटीत, दोन इमारतींमधल्या गल्लीत रॉकेट लावूच नये. तिथे त्याला सरळ वर जायला जागाच नसते.

सुतळी बॉम्ब लावणारा आणि पाहणारे यांत किमान दहा मीटर ठेवावेत. वात आखूड असेल किंवा सुटली असेल तर तो फटाका बाद. डबा, मडके, नारळाची करवंटी यांखाली ठेवून लावला की प्रत्येक तुकडा गोळीसारखा उडतो. एका वेळी एकाच माणसाने एकच लावायचा.

वात जळाली आणि आवाज आला नाही तर किमान वीस मिनिटे जवळ जायचे नाही. वात आत धुमसत असते आणि वाकून फुंकणाऱ्याच्या तोंडावर तो फुटतो. त्यानंतर बाजूने, चेहरा लांब ठेवून, पाणी ओतावे आणि लांब काठीने बादलीत ढकलावा. पुन्हा पेटवू नये. सकाळी अंगणातली न फुटलेली टोके गोळा करून त्यांची एकत्र होळी करण्याचा मुलांचा आवडता उद्योग मोठ्यांनीच बंद करावा. रात्री झाडून, सगळा कचरा भिजवूनच झोपावे.

भाजले तर

कपड्याने पेट घेतला तर पळू नये, पळण्याने ज्वाला वाढते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, किंवा इतरांनी जाड सुती चादर गुंडाळावी किंवा पाणी ओतावे. इथे चादर चालते, कारण जळतो आहे तो कपडा.

भाजलेला भाग लगेच नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून, कारण दुखणे थांबले की दोन मिनिटांतच माणूस हात काढतो. बर्फ लावू नये. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज येण्याआधी काढावे. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस यांपैकी काहीही लावू नये, ते उष्णता आत कोंडतात आणि डॉक्टरांना जखम दिसू देत नाहीत. फोड फोडू नयेत. स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल किंवा भाजलेला माणूस लहान मूल असेल, तर जखम छोटी दिसली तरी १०८ ला फोन करावा.

डोळ्याला इजा झाली तर चोळायचे नाही, दाबायचे नाही. नुसती राख किंवा पूड गेली असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे. तुकडा लागला असेल, रक्त दिसत असेल किंवा दिसेनासे झाले असेल तर धुवूही नये आणि घरातले कोणतेही थेंब किंवा मलम घालू नये. कागदी कपाचा कापून घेतलेला तळ डोळ्यावर उपडा ठेवून, कडा हाडावर टेकतील अशा बेताने चिकटपट्टीने बसवावा, म्हणजे बुबुळावर भार येत नाही. मग थेट नेत्ररुग्णालय. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत खायला-प्यायला काही देऊ नये.